पाच व्होल्टचा माग

चेक लाइट लागला की स्कॅनर जोडायचा, कोड वाचायचा आणि त्या नावाचा सेन्सर बदलून टाकायचा, हा शिरस्ता गॅरेजांत फार बोकाळला आहे. गाडीवाल्याचे पैसे त्यात हकनाक जातात. साताऱ्यातल्या एका मिस्त्रींचं काम बाजूला उभं राहून पाहिलं, तेव्हा खरं निदान कसं होतं ते नीट कळलं.

गाडी केबलच्या थ्रॉटलची, जुनी पेट्रोल. तक्रार अशी, की खराब रस्त्यावर मध्येच पिकअप जातो, झटके बसतात. स्कॅनरवर कोड आला पी ०१२२, म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा सिग्नल फार कमी. मिस्त्रींनी तो लगेच पुसला नाही. कोड लागला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान हे सगळं आधी वहीत उतरवलं. कोड पुसला की ही नोंदही जाते.

मग चावी ऑन, इंजिन बंद. या सेन्सरला तीन वायरी: एकीवर ईसीयूकडून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडून, येणारे पाच व्होल्ट, दुसरी अर्थिंगची, तिसरी सिग्नलची. पाच व्होल्टच येत नसतील तर नवा सेन्सर घालून काय उपयोग? बऱ्याच गाड्यांत तोच पुरवठा इतर सेन्सरनाही जातो, आणि त्यातला एखादा शॉर्ट झाला की सगळेच आंधळे होतात. इथे पुरवठा ठीक होता, अर्थिंगही.

‘‘रेस अगदी हळू दाब रे,’’ त्यांनी पोऱ्याला सांगितलं. कपलर जोडलेलाच ठेवून मागून सिग्नलच्या वायरीला पिन लावली होती. काट्याचा मीटर अर्ध्या व्होल्टपासून साडेचारापर्यंत न अडखळता चढला. काट्याचा मीटर मुद्दाम. आतला कार्बनचा पट्टा झिजला असेल तर क्षणभराची उडी डिजिटल आकड्यांत निसटू शकते.

सेन्सर शाबूत होता. आता त्यांनी वायरिंगचा जुडगा बोटांनी दाबत, वाकवत पुढे नेला. बॅटरीजवळच्या वळणावर स्कॅनरवरचा आकडा शून्यावर आला, मीटरचा काटा मात्र जागचा हलला नाही. सेन्सर व्होल्ट देतोय, ईसीयूपर्यंत ते पोचत नाहीत. वरून धड दिसणारी वायर सोलली, तेव्हा आतली तांब्याची तार तुटून काळी पडलेली निघाली. तेवढा तुकडा बदलून डाग दिला, स्लीव्ह चढवली आणि वळणावर थोडी ढील ठेवली.

केबल नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत दोन सिग्नल असतात. त्यांचा मेळ बसला नाही की पी २१३५ येतो आणि गाडी बहुधा ठरावीक रेसच्या पुढे जात नाही. तपासण्याची रीत तीच. फक्त चावी ऑन असताना त्या थ्रॉटलच्या झडपेत बोट घालू नये, मोटर ती झपकन मिटवू शकते.

भारतात २०१३ पासून मोटारींना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष कोडमध्ये नोंदवण्याची पद्धत, लागू झाली, त्यामुळे स्कॅनर आज गल्लीतल्या गॅरेजमध्येही सापडतो. म्हणून पुढच्या वेळी ‘सेन्सर गेलाय’ असं ऐकलंत, तर होकार देण्याआधी विचारा: पाच व्होल्ट येतायत का, सिग्नल किती दाखवतो, वायर हलवून पाहिली का? उत्तर आकड्यांत मिळालं तरच नवा सेन्सर मागवा.