उष्मांकांचें भाकीत : किती खरें मानावें ?

पवनाकांठचें पिंपळे सौदागर हें एके काळीं शेतीचें गांव होतें. आज तेथें उंच इमारतींची दाटी झाली असून, सकाळीं कोकणे चौकांतून हिंजवडीकडे निघालेल्या मोटारींची रांग हलतां हलत नाहीं. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीवर बसून काम, आणि जातां-येतां पुन्हां मोटारींत बसणेंच ! मग वजन वाढलें तर नवल तें काय ? येथील एका परिचित कुटुंबांत आम्ही दिवाळीच्या फराळास गेलों असतां जी हकीगत कानीं आली, तिच्यावरून प्रस्तुत लेख लिहिण्याचें मनांत आलें.

घरांत सासूसासरे, दोन मुलगे, दोन सुना व दोन नातवंडें अशीं आठ माणसें. धाकट्या सूनबाईंचें वजन ७४ किलो होतें. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मोबाईलमध्यें उष्मांकांची, म्हणजे कॅलरींची, नोंद ठेवणारें एक ॲप घेतलें. 'रोज ५०० कॅलरी कमी घ्या. १८ आठवड्यांनीं आपलें वजन ६६ किलो होईल,' असें त्यानें तारखेसह सांगितलें. पहिल्या पंधरवड्यांतच दोन किलो उतरले. घरांत कौतुक झालें. पुढें मात्र कांटा अडखळूं लागला. घटस्थापनेपर्यंत पावणेसात किलो उतरावयास हवे होते, उतरले चारच! "अगं, डब्यांतले लाडूही मोजतेस ना ?" असें थोरल्या जाऊबाई थट्टेनें म्हणाल्या. सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत; पण लाडवांचा डबा वरच्या फळीवर गेला. तो न बोललेला संशय सूनबाईंच्या जिव्हारीं लागला. त्यांनीं रात्रीचें जेवण सोडलें, आणि कोजागरीच्या आधीं एके सकाळीं ओट्याजवळ घेरी येऊन त्या खालीं बसल्या.

आतां प्रश्न असा, कीं चूक कोणाची ? आमच्या मतें ना लाडवांची, ना सूनबाईंची. चूक होती ती एका अंदाजास वचन समजण्याची.

अशा पुष्कळ भाकितांच्या मुळाशीं एक जुना त्रैराशिक हिशेब असतो. १९५८ सालीं मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन डॉक्टरांनीं एक पौंड वजन म्हणजे ३५०० कॅलरी असें प्रमाण मांडलें. किलोच्या मापांत तें सुमारें ७७०० होतें. रोजची ५०० ची तूट आठवड्यास ३५०० होते. म्हणजे साडेचारशे ग्रॅम वजन उतरावें. गणित बिनचूक आहे. परंतु शरीर म्हणजे रोज एक माप काढलें कीं तितकीच रिती होणारी कणगी नव्हे. वजन उतरलें कीं हलक्या झालेल्या देहास इंधन कमी लागतें, आणि शिवाय टंचाई ओळखून तो काटकसरही करूं लागतो. अमेरिकेंत मिनेसोटा येथें १९४४-४५ मध्यें ॲन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांस, त्यांच्या संमतीनें, २४ आठवडे अर्धपोटीं ठेविलें. त्यांचीं वजनें सुमारें चतुर्थांशानें उतरलीं. पण विश्रांतीच्या स्थितींत शरीर जाळीत असलेलें इंधन त्याहूनही अधिक प्रमाणांत घटलें!

हा बदल हिशेबांत धरून केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत निराळें प्रमाण मांडलें. रोज २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या तर शेवटीं सुमारें एक किलो वजन उतरतें. पण त्यांतील अर्धें एका वर्षांत, आणि जवळजवळ सर्व उतरावयास तीन वर्षें लागतात. रोज २४० कॅलरी सोडणारास जुना हिशेब पहिल्याच वर्षीं ११ किलोंची आशा लावतो. नवा सांगतो, पांचच!

मग पहिल्या पंधरवड्यांत दोन किलो कसे उतरले ? तो उतार बव्हंशीं पाण्याचा. शरीर साखरेचा जो साठा करून ठेवतें, त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी असतें. आहार घटला कीं आधीं हा साठा रिता होतो. चरबी सावकाश जाते.

शरीरास रोज किती इंधन लागतें, हा आंकडाही अंदाजाचाच. त्यासाठीं पुष्कळ ठिकाणीं वापरलें जाणारें १९९० चें मिफ्लिन यांचें सूत्र अमेरिकेंतील ४९८ निरोगी स्त्रीपुरुषांच्या मोजमापावरून बसविलेलें आहे. सारख्याच वयाच्या, उंचीच्या व वजनाच्या दोन व्यक्तींतही शे-दोनशे कॅलरींचें अंतर सहज पडतें.

याहून मोठी गफलत नोंदींत होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं भारतीय अन्नघटकांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं आहेत, व तीं फार उपयुक्त आहेत. परंतु तुमच्या घरच्या आमटींत फोडणीचें तेल किती पडलें, हें कोणतें कोष्टक सांगणार ? एकत्र कुटुंबांत तर एकच पातेलें, आणि वाढणारे हात चार ! आम्हीं त्या घरची वाण्याची यादी मागून घेतली. महिन्यास तेल व तूप मिळून आठ किलो. माणशीं एक किलो, म्हणजे रोज सुमारें ३३ ग्रॅम. ग्रॅमास ९ कॅलरी धरल्या तर ३०० कॅलरी झाल्या. सूनबाईंच्या नोंदींत तेल होतें दोन लहान चमचे, म्हणजे अवघ्या ९० कॅलरी ! हिशेब ढोबळ खरा. पण पांचशेंची तूट तीनशेंच्या आंत कशी आली, हें त्यावरून दिसतें. ही लबाडी नव्हे. वजन कांहीं केल्या उतरत नाहीं असें म्हणणाऱ्या कांहीं लोकांची न्यूयॉर्क येथें शास्त्रीय पाहणी झाली, ती १९९२ सालीं प्रसिद्ध आहे. त्यांनीं आपला आहार प्रत्यक्षापेक्षां सरासरी ४७ टक्क्यांनीं कमी, आणि व्यायाम ५१ टक्क्यांनीं अधिक सांगितला होता.

शिवाय, केवळ वजन हेंच आरोग्याचें माप नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं स्वतःचेंच उदाहरण प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के ! म्हणून आपणां भारतीयांनीं कांट्याबरोबर टेपही हातीं घ्यावी. कंबरेचा घेर स्त्रियांनीं ८० व पुरुषांनीं ९० सेंटिमीटरच्या आंत ठेवावा, असें तज्ज्ञ सांगतात.

मग हीं ॲपें टाकून द्यावींत काय ? मुळींच नाहीं. आपण काय खातों याचें भान तीं आणून देतात, व हा लाभ लहान नव्हे. मात्र त्यांच्या तारखेवर विसंबूं नये. रोज सकाळीं एकाच वेळीं वजन करून आठवड्याची सरासरी काढावी; चार आठवड्यांनीं स्वतःचा खरा वेग पाहावा, आणि पुढचा अंदाज त्यावरून बांधावा. तेल-तूप चमच्याबरोबरच महिन्याच्या यादीनेंही मोजावें. भाकीत चुकलें म्हणून जेवण मात्र सोडूं नये. घेरी येऊं लागली, किंवा मधुमेहाचीं औषधें चालूं असलीं, तर डॉक्टरांचा सल्ला आधीं घ्यावा.

आम्हीं हा हिशेब कागदावर मांडला, तेव्हां सासूबाई बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या. मग उठून त्यांनीं वरच्या फळीवरचा डबा खालीं घेतला, एक लाडू सूनबाईंच्या ताटलींत ठेवला, आणि म्हणाल्या, "हा मोज, आणि खा. उद्यांपासून फोडणीचें तेल मी मोजीन." सूनबाईंचे डोळे पाणावले. चार किलो उतरले होते, ते कांहीं थोडे नव्हते !