गर्भिणीचे पोषण व बालकाचे आरोग्य
गर्भधारणेपूर्वीचे मातेचे वजन, गर्भारपणातील वजनवाढ व आहार यांचा अपत्याच्या आरोग्यावर होणारा परिणाम हा आहारविज्ञान व बालवैद्यक या दोहोंचा विषय आहे. जन्मतः २·५ किग्रॅ.पेक्षा कमी वजनाचे मूल अल्पभाराचे मानतात. अशा मुलांत जंतुसंसर्ग, अर्भकमृत्यू व खुंटलेली वाढ यांचे प्रमाण अधिक असते.

गर्भाला सर्व पोषकद्रव्ये मातेच्या रक्तातून वारेमार्गे मिळतात. गर्भाचे बहुतेक अवयव पहिल्या तिमाहीतच आकार घेतात. मेंदू व मेरुरज्जू ज्या नलिकेपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सु. २८ दिवसांत मिटते. या वेळी फॉलिक अम्ल कमी पडल्यास तिच्यात व्यंग राहण्याचा धोका वाढतो. गर्भाचे वजन मुख्यतः शेवटच्या तिमाहीत वाढते. अतिस्थूलता व मधुमेह हेही अपायकारक आहेत. मातेच्या रक्तातील जादा शर्करा गर्भाकडे जाते, गर्भ अधिक इन्शुलीन निर्माण करतो व प्रमाणाबाहेर वाढतो. त्यामुळे प्रसूती अवघड होते आणि अशा मुलांत पुढे स्थूलता व मधुमेह अधिक आढळतात.

महाराष्ट्रात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून जवळच्या सहा गावांत माता व मुले यांचा दीर्घकालीन अभ्यास केला. तेथील स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सु. ४२ किग्रॅ. व नवजातांचे सु. २·७ किग्रॅ. होते. इंग्लंडमधील मुलांच्या तुलनेत या मुलांचे स्नायू फारच कमी होते. त्वचेखालील मेद मात्र बराचसा टिकून होता. कृश दिसणाऱ्या शरीरातील हा मेद पुढील मधुमेहाचे पूर्वचिन्ह मानला जातो. पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची मुले आकाराने मोठी होती; अधिक कष्टाची कामे करणाऱ्यांची लहान होती. ब१२ जीवनसत्त्व कमी व फॉलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलीनरोध सर्वाधिक आढळला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून झालेल्या प्रयोगात पालेभाज्या, फळे व दूध यांचा खाऊ गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांचे वजन सरासरी ४८ ग्रॅ.नी अधिक भरले. अतिशय कृश स्त्रियांत मात्र हा लाभ दिसला नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने हे निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या या जिल्ह्यात निंदण व वेचणी ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी इ. तालुक्यांत गोंड व कोलाम यांची वस्ती असून कोलामांच्या वाड्यांना पोड म्हणतात. कोलाम ही केंद्र शासनाने विशेष दुर्बल ठरविलेली जमात आहे. विदर्भातील आदिवासींत दात्रकोशिका पांडुरोगही आढळतो. तो आनुवंशिक असल्याने केवळ लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही; म्हणून गर्भिणीच्या रक्ताची त्यासाठी वेगळी तपासणी आवश्यक ठरते.

भारतात गर्भारपणात सु. १० ते १२ किग्रॅ. वजनवाढ इष्ट मानतात व रोज सु. ३५० कॅलरींचा जादा आहार सुचविला जातो. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये सुरू झाली. आदिवासी क्षेत्रासाठी २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आखण्यात आली. तीनुसार गर्भिणीस शेवटच्या तिमाहीत व प्रसूतीनंतर काही महिने अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार देण्याचे ठरले. गर्भाचे वजन याच तिमाहीत वाढत असल्याने हे साहाय्य मोलाचे आहे; तथापि अवयवांची घडण तोवर पूर्ण झालेली असते. म्हणून अल्पभाराची परंपरा खंडित करावयाची, तर किशोरवयीन मुलींचा आहार, विवाहाचे वय व गर्भधारणेपूर्वीचे वजन यांकडेही तितकेच लक्ष पुरविणे आवश्यक आहे.