घोडी का गाभडते? विषाणू, जोखीम आणि कारणाचा शोध

मंडळी, बेलवलीत बसून आपण घोड्यांविषयी बोलणार, याचं कुणाला नवल वाटू नये. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या जागेवरून पडलं, असं इथले जुने लोक सांगतात. ही व्युत्पत्ती खरी की मागाहून जोडलेली, हा वाद आज बाजूला ठेवू. पण इथून कर्जतची गाडी धरली की वांगणी, शेलू, नेरळ, आणि वर माथेरानला आजही माणसं नि सामान घोड्यावरून जातं. पुण्याकडे शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणारे स्टड फार्म आहेत. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. या तीन जगांतली माणसं एकमेकांना फारशी ओळखत नाहीत. विषाणूला मात्र तिन्ही सारखीच.

आता प्रश्नाकडे येऊ. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते. समजा, नवव्या महिन्यात, काही आजार न दिसता, ती एका रात्री गाभडली. मालक म्हणतो नजर लागली. कुणी चाऱ्याला दोष देतो, कुणी मोतद्दाराला. आदल्या दिवशी जे घडलं तेच कारण, असं मन चटकन ठरवतं. याला आपल्या शास्त्रकारांनी काकतालीय न्याय म्हटलं. आपण घरी म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

अशा घटनेमागे अनेकदा इक्वाइन हर्पिस व्हायरस-१ असतो. (गाभडण्याची इतरही कारणं असतात, म्हणून तपासणी हवीच.) हा विषाणू श्वासावाटे शिरतो आणि रक्तातल्या पेशींतून गर्भाशयापर्यंत पोचतो. संसर्ग आणि गाभडणं यांत दोन आठवडे जातील, कधी काही महिने. म्हणजे आदल्या दिवसाच्या चाऱ्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. गाभडण्याचा धोका मुख्यतः शेवटच्या चार महिन्यांत.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बऱ्याच घोड्यांना हा संसर्ग शिंगरू असतानाच होतो आणि विषाणू आयुष्यभर शरीरात दडून राहतो. मग तो आजच का उठला? इथे तत्त्वज्ञानाचा उपयोग आहे. बी असलं तरी माती, पाणी, ऊब नसेल तर अंकुर फुटत नाही. बी हे कारण खरंच, पण माती-पाणी ही सहकारी कारणं. वैद्यक ज्याला 'रिस्क फॅक्टर' म्हणतं, ते बरंचसं हेच. लांबचा प्रवास, गर्दी, आईपासून शिंगरू तोडणं, दुसरा आजार, अशा ताणांनी दडलेला विषाणू जागा होतो. बाहेरून आलेली घोडी थेट गाभण घोड्यांत सोडली की तो पसरतो. गाभडलेला गर्भ, वार, पाणी यांत तर विषाणू खच्चून भरलेला असतो; ते उघड्यावर पडलं, त्याच हातांनी दुसऱ्या घोडीला चारा घातला, की एकाची पाच व्हायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे यात ऋतूचीही भर पडते. शर्यतीच्या घोड्याचं वय १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे शिंगरं वर्षाच्या सुरुवातीला जन्मावीत असा बेत असतो. म्हणजे नाजूक महिने येतात हिवाळ्यात, आणि यात्रा, बाजार, मुंबईच्या शर्यती, लग्नसराई हे सारंही त्याच सुमारास. घोड्यांची ये-जा वाढते, तेव्हाच गाभण घोडी सर्वांत जपायची असते.

दुसरा विषाणू इक्वाइन व्हायरल आर्टेरायटिसचा. याचं वैशिष्ट्य असं की पैदाशीचा घोडा धडधाकट दिसत असतो, पण त्याच्या वीर्यातून विषाणू वर्षानुवर्षं जाऊ शकतो. त्याचं टिकणं नराच्या संप्रेरकावर अवलंबून असतं. घोडा खच्ची केला की विषाणू नाहीसा होतो. १९८४ साली अमेरिकेत केंटकीच्या स्टड फार्मांवर याची मोठी साथ आली होती. थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतन मान्य नाही, एकच घोडा अनेक घोड्यांना दाखवतात. म्हणून नर तपासल्याशिवाय घोडी दाखवू नये.

तिसरा, घोड्यांचा फ्लू. २००८ साली जम्मूतल्या कटऱ्याला यात्रेकरूंची ने-आण करणाऱ्या जनावरांत तो दिसला आणि पुढे देशात अनेक राज्यांत पसरला. गरिबाच्या खेचरापासून ते लाखमोलाच्या घोड्यापर्यंत अंतर किती कमी आहे, हे तेव्हा कळलं.

मग करायचं काय? नवीन जनावर किमान तीन आठवडे वेगळं ठेवावं. गाभण घोड्यांचे लहान गट करावेत, त्यांत तरुण घोडे मिसळू नयेत. पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यात हर्पिसची लस द्यावी. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने अशी देशी लस तयार केली आहे. लस धोका कमी करते, संपवत नाही. घोडी गाभडलीच तर ती वेगळी करावी, गर्भ आणि वार पशुवैद्यकाच्या स्वाधीन करावी, जागा जंतुनाशकाने धुवावी.

आणि शेवटचा धोका विषाणूचा नाही, लपवण्याचा आहे. बातमी फुटली तर बाजार बुडेल, कुणी घोडी आणणार नाही, ही भीती खोटी नाही. एका घोडीवर घर चालवणाऱ्याला तीन आठवडे दावणीला बांधून ठेव, असं सांगणं सोपं. त्याची चूल कशी पेटणार, हे कुणी सांगत नाही. २००९ चा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीचा कायदा मालकाने रोग कळवावा असं सांगतो. पण कळवणाऱ्याला नुकसानच होणार असेल, तर तो गप्प बसेल. म्हणजे मालकाची गरिबी हीसुद्धा त्या साखळीतलं सहकारी कारणच झाली. मोतद्दाराला दोष देण्याआधी आपण ही पूर्ण साखळी पाहायला शिकलो, तर पुढची घोडी वाचेल.