चित्राची आणि आवाजाची वाकळ

जुन्या लुगड्यांची वाकळ कशी शिवतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आधी धड कापड आणि फाटके कापड वेगळे करायचे. फाटके कापून टाकायचे. धड तुकडे जुळवायचे आणि मग टाके घालायचे. शाळेत मुलांसाठी आवाजाचे किंवा चालत्या चित्रांचे धडे तयार करतात, त्याचेही असेच आहे. फोनवर रेकॉर्डिंग केले, म्हणजे नुसते कापड आणले. ते कापून, जोडून नीट करायचे काम पुढेच असते. या कामाला संपादन म्हणतात. बोलताना लोक त्याला एडिटिंग म्हणतात.

पूर्वी हे काम रेडिओसारख्या मोठ्या ठिकाणीच होई. सांगलीला १९६३ साली आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. त्या काळी रेडिओवर आवाज लांब फितीवर घेत. नको असलेली फीत ब्लेडने कापायची आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडायची. यंत्रे महागडी. गावच्या शाळेला ती कुठली परवडणार!

आता तसे राहिले नाही. फोन आवाज आकड्यांच्या रूपात साठवतो. तो संगणकावर उघडला की पडद्यावर डोंगररांगेसारखी नक्षी दिसते. जिथे कुणी जोरात बोलले, तिथे उंच सुळका. जिथे कुणी गप्प बसले, तिथे सपाट माळ. मध्येच कुत्रे भुंकले, तर तेही दिसते. तेवढ्या भागावर खूण करायची आणि बटण दाबायचे. भुंकणे गेले! फीत एकदा कापली की कापली. इथे मात्र मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत वेगळी ठेवली, तर काम कितीही वेळा पुन्हा करता येते.

ही कात्री फुकट मिळते. तिचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार इंटरनेटवरच चालतो. क्लिपचॅम्प हे असेच एक साधन. ते मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०२१ साली विकत घेतले. संगणकावर पान उघडायचे आणि तिथेच चित्रे कापायची, जोडायची. खाली अक्षरेही घालता येतात.

दुसरा प्रकार एकदाच इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. मग इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. आवाजासाठी ऑडॅसिटी नावाचे साधन आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात १९९९ साली त्याचे काम सुरू झाले आणि २००० साली ते लोकांना मिळाले. चालत्या चित्रांसाठी ओपनशॉट आहे. ते २००८ सालचे. ही दोन्ही साधने फुकट आहेत. ती कशी बनवली, हेही जाणकाराला उघडून पाहता येते.

यातले घ्यावे कोणते? ज्या गावात रेंज येते आणि जाते, तिथे दुसरा प्रकार बरा. आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. एक मिनिटाचा आवाज साधारण एक एमबी जागा घेतो. एक मिनिटाचे स्वच्छ चालते चित्र शंभर एमबीच्या आसपास जागा खाते. म्हणून जे नुसते ऐकून समजते, त्यासाठी आवाजच पुरे. पाहिल्याशिवाय समजत नाही, तेवढ्याचेच चित्र घ्यावे.

कुणी म्हणेल, "आमची बोली गावंढळ. ती का कुणी धड्यात घालतं?" का घालू नये? सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ साली माणदेशी तरंग वाहिनी हा गावचा रेडिओ सुरू झाला. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या जालिहाळ येथून येरळावाणी सुरू झाली. दुष्काळी भागातल्या लोकांचे बोलणे रेडिओवर चालते, तर वर्गात का चालू नये?

आता एक धडा तयार करून पाहू. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर गाव आहे. तिथली हळदीची पेवे नामांकित होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड लहान, पोट मोठे. त्यात हळद भरून तोंड बंद करीत. २००५ सालच्या महापुरात पाणी शिरले आणि बरीच पेवे निकामी झाली. आजची मुले पेव कुठे पाहणार? पण पेवात काम केलेल्या माणसाला त्याची सारी हकीकत ठाऊक असते. तो माणूसच मुलांचे पुस्तक.

समजा, शाळेतल्या मुलांनी अशा एका आजोबांचे बोलणे रेकॉर्ड केले. पंखा बंद केला. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरला. आजोबा वीस मिनिटे बोलले. मध्ये खोकले. एक गोष्ट दोनदा सांगितली. वर्गासाठी पाच मिनिटे हवीत. मग मुले खोकला कापतील, दुसऱ्यांदा सांगितलेले कापतील. इथवर ठीक.

पण आजोबा म्हणाले होते, "पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही."

बंद पेवातली हवा खराब होते. तिच्यात माणूस गुदमरून मरू शकतो. म्हणून आजोबांनी बजावले. आता कापताना कात्री जरा अलीकडे पडली आणि शेवटचा शब्द गेला. काय उरले? "पेव उघडलं की लगेच आत उतरायचं!" एक शब्द गेला आणि सांगणे उलटे झाले. आवाज आजोबांचाच. ऐकणाऱ्याला वाटणार, जाणत्या माणसाने सांगितले आहे. बाकीची कुठलीही धान्याची कोठी उघडताना पोराने तसेच केले, तर?

म्हणून संपादनाचा पहिला नियम हा : कापलेले बोलणे ज्याचे, त्याला ते ऐकवावे. त्याने 'बरोबर आहे' म्हटल्यावरच वर्गात लावावे. कात्री चालवायला मुले चार दिवसांत शिकतात. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे शिकायला वेळ लागतो. ते गुरुजींनी आणि घरच्यांनी शेजारी बसून शिकवावे.

आता 'फुकट' या शब्दाकडे पाहू. पैसे पडत नाहीत, म्हणजे काहीच पडत नाही, असे नव्हे. काही साधने तयार चित्रावर आपल्या नावाचा शिक्का मारतात. तो काढायला पैसे मागतात. काही साधने बंदही पडतात. यूट्यूबवर असे एक फुकट साधन होते. ते २०१७ साली बंद झाले. म्हणून तयार झालेला धडा शाळेच्या संगणकात आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवावा.

दुसरी गोष्ट मुलांच्या चेहऱ्याची. इंटरनेटवरच्या साधनात चित्र चढवले, तर ते दुसऱ्याच्या संगणकात जाऊ शकते. तिथून ते कुठे जाईल, हे आपल्या हाती राहत नाही. २०२३ साली आपल्या संसदेने माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला आईबापाची संमती हवी, असे तो सांगतो. शाळेकडून संमतीचा कागद आला, तर नुसता अंगठा किंवा सही देऊन मोकळे होऊ नका. आपल्याला आता वाचता येते. चित्र कशासाठी घेणार, कुठे ठेवणार, कोण पाहणार, हे वाचा. लिहिलेले नसेल, तर विचारा. पटले नाही, तर नाही म्हणा. नुसता आवाज किंवा हात दाखवूनही चांगला धडा होतो.

तिसरी गोष्ट गाण्यांची. धड्याच्या मागे सिनेमाचे गाणे लावून तो इंटरनेटवर टाकू नये. ते गाणे दुसऱ्याच्या मालकीचे. त्यापेक्षा गावच्या हलगीचा किंवा पाण्याच्या मोटारीचा आवाज आपणच घ्यावा.

"पण पोरं आधीच मोबाईलला चिकटलीत!" अशी तक्रार घरोघर आहे, आणि ती खरी आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. या गावाने २०२२ साली एक रीत सुरू केली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे. अशी शिस्त ठेवूनही धडे तयार करता येतात. धडा करणारा मुलगा पडद्यासमोर नुसता बसत नाही. तो आधी आजोबांकडे जातो, विचारतो, ऐकतो, लिहून घेतो. फोन शेवटी लागतो आणि थोडाच वेळ लागतो.

हे करून पाहा :

१. आपल्या घरात कोणते काम सगळ्यांत चांगले कुणाला येते, ते लिहा. गूळ करणे, हळद शिजवणे, घोंगडी विणणे, काहीही चालेल.

२. त्या माणसाला विचारायचे पाच प्रश्न कागदावर लिहा.

३. मुलाला किंवा नातीला सांगून पाच मिनिटांचे बोलणे रेकॉर्ड करा. मूळ प्रत वेगळी ठेवा.

४. त्यातले काय कापायचे ते दोघांनी मिळून ठरवा. मग ते बोलणाऱ्याला ऐकवा.

५. त्याला पटले, तर गुरुजींना द्या.