नाकासमोर चालणं

चकवा लागला की माणूस रात्रभर चालत राहतो आणि उजाडताना पुन्हा त्याच झाडाखाली येऊन पोचतो, असं कोकणात आजही सांगतात. भुताचं तुमचं तुम्ही ठरवा. गोल फिरण्याचा भाग मात्र अगदी खरा आहे.

यान सौमन या संशोधकाने जर्मनीतल्या बीनवाल्ड जंगलात सहा जणांना जीपीएस लावून सोडलं. 2009 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सूचना एकच होती: काही तास सरळ चालत राहा. चौघांच्या वेळी आभाळ भरलेलं होतं. ते चौघेही गोल फिरले. त्यातल्या तिघांनी आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता! ज्यांना ऊन मिळालं ते दोघे जवळजवळ सरळ गेले. मोकळ्या मैदानात डोळे बांधून चालवलं, तेव्हा तर काही जण जेमतेम 20 मीटर व्यासाच्या वर्तुळात घुमत राहिले.

'एक पाय आखूड असतो म्हणून' हे ठरावीक उत्तर इथे लंगडं पडतं. कारण बहुतेक जण कधी डावीकडे वळत होते, कधी उजवीकडे.

आपल्या प्रत्येक कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोकं वळलं की त्यांतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला वळण कळतं. पण वळण फारच सावकाश असलं, तर केस पुरेसे वाकतच नाहीत. चूक बारीकशी असते, पण पावलागणिक साठत जाते. ती दुरुस्त करायला बाहेरची खूण लागते.

मेंदू त्या खुणेला किती घट्ट धरून असतो, हे उंदरांनी दाखवलं. त्यांच्या मेंदूत दिशादर्शक पेशी असतात: डोकं एका ठरावीक दिशेला असलं की एक पेशी जोरात बोलते, दुसऱ्या दिशेला दुसरी. अशा उंदराला गोल भिंतीच्या आत ठेवलं. भिंतीवर खूण एकच, एक पांढरं कार्ड. ते 90 अंशांनी सरकवलं, तर पेशींच्या दिशाही जवळपास तेवढ्याच फिरल्या. खोली जागच्या जागी होती, पण उंदराची 'उत्तर' कार्डामागोमाग गेली.

सौमनच्याच प्रयोगात सहारा वाळवंटात एक जण रात्री चालत होता. चंद्र दिसत होता तोवर गडी सरळ गेला. चंद्र ढगाआड गेल्यावर त्याने वळणं घेतली आणि आला होता त्याच दिशेला परत चालू लागला.