गवताच्या टोकावरचा काळा ठिपका

"हे पाय," बाबा म्हणाले. मी पाहिलं. सुकलेलं गवत होतं, आणखी काहीच नव्हतं.

"काडी नोको पाहू. काडीच्या टोकाले पाय."

टोकावर डांबरासारखा काळा, चिकट ठिपका होता. शेजारच्या काडीवरही तसाच. पुढे बोरीच्या झुडपाच्या एका काटेरी डहाळीवर तर चांगला जाड थर बसलेला. बाबांनी बोटाला लावून नाकाशी नेला, मलाही वास घ्यायला लावला. मला काहीच कळलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. ते मात्र म्हणाले, "कालचा हाये. आज सकाळी नाही आला तो इकडं."

'तो' म्हणजे काळवीट. ठिकाण : वाशीम जिल्हा, कारंजा (लाड) तालुका, काळविटांसाठी राखलेल्या कारंजा-सोहोळ अभयारण्याबाहेरचं माळरान. वेळ सकाळी साडेसहाची, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. बाबा फासेपारधी समाजातले, वय सत्तरीच्या पुढे. आणि मी, मास कॉमची पदवी घेऊन इंटर्नशिप करणारी, शहरी बूट घालून आलेली आणि गुडघ्यापर्यंत कुसळं टोचून घेतलेली.

या सगळ्याची सुरुवात माझ्या वर्गातल्या एका मित्रामुळे झाली. त्याला अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीचे व्हिडिओ बघायचं वेड आहे. तिथं व्हाइट-टेल्ड नावाच्या हरणाची परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार करता येते. शिकारी आधी जंगलात हिंडून झाडांच्या खोडांवरच्या खुणा शोधतात. नर हरीण शिंगं आणि कपाळ खोडावर घासतं, साल सोलून निघते, आतलं पांढरं लाकूड दिसतं. लाकूड ओलं आणि खाली सालीचा ताजा भुसा पडलेला असेल, तर खूण नवी. लाकूड करडं पडलं असेल तर जुनी. खोडाच्या कोणत्या बाजूला घासलंय यावरून नर कुठून कुठं गेला याचा अंदाज बांधायचा. अशा खुणा एका ओळीत सापडल्या की ती त्याची रोजची वाट. मग त्या वाटेवर दबा धरून बसायचं. मित्राचा प्रश्न होता, "आपल्याकडे असं कोणाला वाचता येतं का गं?"

येतं. फक्त आपल्याकडे खोडाऐवजी गवताची काडी वाचावी लागते. का, ते समजून घेऊ.

आपण सगळ्यांनाच 'हरीण' म्हणून मोकळे होतो. पण मराठीत त्यांचे दोन गट आहेत : सारंग आणि कुरंग. सांबर, चितळ, भेकर हे सारंग. त्यांच्या नरांची शिंगं गळतात आणि पुन्हा उगवतात. नवी शिंगं वाढताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते. वाढ संपली की ती सुकते आणि नर झाडांवर शिंगं घासून ती काढतो. नंतर मिलनाच्या काळातही घासणं चालूच राहतं, तेव्हा ती दुसऱ्या नरांसाठी नोटीस असते. मेळघाटात सांबराने सोललेली खोडं दिसतात. सांबराचा नर तर मागच्या दोन पायांवर उभा राहून डोक्यावरच्या फांदीलाही आपला वास लावून ठेवतो.

काळवीट, चिंकारा, रोही, चौशिंगा हे कुरंग. यांची शिंगं आयुष्यभर तीच. मखमल नाही, म्हणून ती काढायची गरज नाही, आणि माळावर घासायला मोठी झाडं तरी कुठं आहेत? काळविटाच्या डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यात एक ग्रंथी असते. तिच्यातला काळपट चिकट स्राव तो गवताच्या टोकांना, डहाळ्यांना अलगद लावतो. इतकं टोकदार काही डोळ्याच्या एवढ्या जवळ न्यायचं म्हणजे कमालच. माझ्याच्याने काजळ लावताना हात थरथरतो.

दुसरी खूण म्हणजे लेंड्यांचा ढीग. आपला इलाका धरलेला नर पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो. बाबांनी असा एक ढीग काडीने उकरून दाखवला. वरच्या लेंड्या काळ्या, तुकतुकीत. त्याखालच्या मळकट. तळाच्या पार पांढुरक्या, बोटाने चुरल्या तर भुसा. "पुस्तकासारखं हाये हे. वरलं पान आजचं, खालचं पान मागच्या महिन्यातलं." रोहीसुद्धा असे ढीग लावतो, पण त्याच्या लेंड्या मोठ्या असतात. त्यांच्यात गल्लत करणाऱ्याला बाबांच्या लेखी काहीच येत नाही. (मी केली.)

काळविटाच्या मिलनाचा जोर वर्षातून साधारण दोनदा असतो : एकदा फाल्गुन-चैत्रात आणि एकदा पावसाळ्याच्या शेवटाकडे. या दिवसांत इलाका धरलेला काळाभोर नर आपली जागा सोडत नाही. माद्यांचा कळप येतो, जातो, पण हा तिथंच. दुसरा नर दिसला की धावून जातो. नेमकी हीच गोष्ट शिकाऱ्यांनी हेरली होती. पाळलेल्या नराच्या शिंगांना फासे बांधायचे आणि रानातल्या नराच्या हद्दीत त्याला सोडायचं. मालक चिडून येतो, शिंगाला शिंग भिडतं आणि फासात अडकतं. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'मध्येही पाळीव हरणाच्या शिंगांना जाळं बांधून रानटी हरीण पकडण्याची नोंद आहे. थोडक्यात, काळा ठिपका दिसला की नर कुठं सापडणार हे कळलं, आणि तो कसा वागणार हेही. बाबांनी लहानपणी वडिलांबरोबर हे पाहिलंय. फासे कसे वळायचे, बैलाच्या आडोशाने जनावराजवळ कसं सरकायचं, सगळं.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो लिहिण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या एम. के. रणजितसिंह यांच्याच अभ्यासाचा विषय काळवीट होता. आज काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार केली तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद. १९९८ च्या काळवीट शिकार प्रकरणात २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली, तेवढंच आपल्यापैकी अनेकांना काळविटाबद्दल माहीत असतं.

पण कायद्याने दोन गोष्टी एकत्र झाल्या. शिकार थांबवायची होती, ते योग्यच होतं. तिच्याबरोबर ती करणाऱ्यांचं ज्ञानही संशयाच्या यादीत गेलं. ज्या समाजावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने 'गुन्हेगार' असा शिक्का मारला आणि जो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, त्याच्यासाठी हे नवीन नव्हतं. बाबांच्या नातवाला हे ठिपके वाचता येत नाहीत. तो म्हणतो, माळावर नुसतं वाकून पाहत उभं राहिलं तरी लोक विचारतात, काय करतोस इथं? मी त्याच माळावर दोन तास वाकून पाहत होते. मला कोणी काहीही विचारलं नाही.

मजा म्हणजे, या वाचनाची सगळ्यात जास्त गरज आज वनखात्यालाच आणि अभ्यासकांनाच आहे. देशभर चार वर्षांनी वाघांची मोजणी होते, तेव्हा तृणभक्षी प्राण्यांसाठी दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालतात आणि दर चारशे मीटरवर जमिनीवरच्या लेंड्या मोजून नोंदवतात. म्हणजे बाबा काडीने जे करत होते तेच, फक्त तक्त्यात भरून. कारंजा परिसरात कौस्तुभ पांढरीपांडे यांची 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांबरोबरच वाशीम-अकोल्यातली गवताळ माळरानं राखण्याचं काम करते. पवना, मारवेल, कुसळी हे गवत राहिलं तर काळवीट राहणार, तणमोर राहणार. सरकारी कागदांवर ही जमीन अनेकदा 'पडीक' असते. इतके ठिपके असलेल्या जमिनीला पडीक म्हणणं मला तरी आता जमणार नाही.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती माझ्या घरातली आहे. माझ्या मामाचं शेत इथून जवळच. त्याच्याकडे परतले तेव्हा तो हरभऱ्याच्या कडेला उभा होता. "काय लिहिनं हाये तुले? हरीण लय सुंदर? इकडं ये, मी दाखवतो सुंदर." बांधालगतच्या तासांतले घाटे खुडलेले, काही झाडं तुडवून आडवी. रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी २०१५ च्या शासन निर्णयाप्रमाणे वनखात्याची परवानगी मागता येते. काळविटासाठी तसं काही नाही. नुकसानभरपाई मागता येते, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा. चार तासांसाठी कोण हे करणार, असं मामाच ठरवतो आणि अर्ज करत नाही. रात्रभर जागलीला मात्र जातो.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. काय घालणार? मला पिकाचा भाव माहीत नाही आणि त्याला झोप नाही.

मी माळावर काढलेले फोटो त्याला दाखवले. इन्स्टावर टाकू का, असं सकाळी बाबांनाही विचारलं होतं. लोकेशन म्हणजे काय ते समजावल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हंजे आमच्या बापाले जे शोधाले दोन दिस लागत, ते तू साऱ्यायले फुकट सांगणार." फोटो अजून माझ्या फोनमध्येच आहेत. या लेखातही तुम्हाला गावाचं नाव सापडणार नाही, ते याचसाठी.

मामाला सगळं सांगितलं, ठिपक्यांचं, ढिगाचं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. चालता चालता बांधावरच्या बोरीपाशी मी थांबले. सवय लागली होती, टोकं पाहायची. दोन डहाळ्यांवर काळे थर होते. एक सुकलेला. दुसरा बोटाला चिकटला.

"हे पाह्य मामा. हा बाहेरून येत नाही. तुझा बांध त्याच्या हद्दीत आहे."

मामाने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाला.

"आस्सं," तो म्हणाला. "मंग उद्या तलाठ्याकडं जातो. सातबाऱ्यावर याचंबी नाव चढवून घेतो."