चढ, सायकल आणि चार दाते

जालना जिल्ह्याला कोणी डोंगराळ मुलूख म्हणणार नाही. उत्तरेला भोकरदन-जाफराबादच्या बाजूला अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येतात, दक्षिणेच्या सीमेवर गोदावरी वाहते. मधला बहुतेक भाग पठाराचा. तरीसुद्धा सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना हा जिल्हा सपाट आहे असे सांगून पाहा! लाव्हारसाचे थर एकावर एक साचून येथील जमीन बनली. पूर्णा, दुधना, कुंडलिका या नद्यांनी आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांनी ती कोरून काढली. त्यामुळे रस्ता ओढ्याच्या पुलापर्यंत उतरतो आणि पलीकडे लगेच चढू लागतो. उतारावर सायकल आपोआप पळते. चढ आला की मात्र खाली उतरून, दप्तरासकट सायकल ढकलत न्यावी लागते. राजूरच्या गणपतीची किंवा अंबडच्या मत्स्योदरीची टेकडी तर दूरच राहिली.

असे का होते? 'पायांत जोर नाही' हे उत्तर सोपे आहे, पण ते बरोबर नाही. दोष बहुधा पायांचा नसून दात्यांचा असतो.

आपली नेहमीची काळी सायकल घ्या. पायडलजवळच्या मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे चेनव्हीलला, बहुधा ४४ ते ४८ दाते असतात. मागच्या चाकावरील लहान दातेरी चाकाला फ्रीव्हील म्हणतात; त्याला बहुधा १८. आपण ४४ आणि १८ धरून चालू. (तुमच्या सायकलीचे मात्र तुम्हीच मोजा. एका दात्यावर खडूची खूण करून सुरुवात करा, म्हणजे घोटाळा होणार नाही.) पायडल एकदा पूर्ण फिरवले की साखळीचे ४४ दुवे पुढे सरकतात आणि मागचे चाक ४४ ÷ १८, म्हणजे २.४४ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ७१ सेंटिमीटर असतो, म्हणून त्याचा घेर सुमारे २.२३ मीटर. म्हणजेच पायडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे फायद्याचे आहे. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी १९-२० किलोमीटरचा वेग मिळतो.

आता चढाचे गणित मांडू. समजा, नववीतल्या एका विद्यार्थिनीचे वजन ४५ किलोग्रॅम आहे. सायकल २० किलोग्रॅमची आणि दप्तर-डबा मिळून ५ किलोग्रॅम. एकूण ७०. रस्ता १२ मीटरला १ मीटर चढतो आहे. मग गुरुत्वाकर्षण या साऱ्या ओझ्याला ७० ÷ १२, म्हणजे सुमारे ५.८ किलोग्रॅम-भाराने मागे ओढते. टायर आणि रस्ता यांचा विरोध म्हणून आणखी अर्धा किलोग्रॅम धरू. तेव्हा मागच्या चाकाने रस्त्याला सुमारे ६.३ किलोग्रॅम-भाराने रेटले पाहिजे.

हे तर काहीच नाही, असे तुम्ही म्हणाल. पण हा रेटा चाकाच्या कडेला हवा आहे आणि पाय दाबतो पायडल. चाकाची त्रिज्या ३५.५ सेंटिमीटर, तर क्रँकची लांबी सुमारे १७. म्हणजे येथेच जोर दुपटीहून थोडा अधिक लागतो. त्यात साखळीने वेग २.४४ पट वाढवलेला आहे, म्हणून जोरही तितक्याच पटीने जास्त हवा. ६.३ × २.०९ × २.४४ हा गुणाकार करा. उत्तर ३२ किलोग्रॅम-भार येईल. हीसुद्धा सरासरी झाली. क्रँक उभा असतो तेव्हा पाय कितीही दाबला तरी तो फिरत नाही. आडवा असतो तेव्हाच खरा उपयोग होतो. त्यामुळे आडव्या क्रँकवर सरासरीच्या सुमारे दीडपट, म्हणजे ५० किलोग्रॅम-भार द्यावा लागतो.

मुलीचे वजन आहे ४५. ती पायडलवर उभी राहिली तरी पायडल खाली जाणार नाही! हँडल वर खेचून पायाचा दाब वाढवता येतो खरा, पण तसे चार-दोन फेऱ्यांपुरतेच जमते. मग ती खाली उतरते.

हेच गणित ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसासाठी करून पाहा. त्याला सुमारे ६९ किलोग्रॅम-भार लागतो, आणि त्याचे वजन ७०. तो कसाबसा वर जातो. सायकल तीच आणि चढही तोच. पण २० किलोग्रॅमची सायकल आणि ५ किलोग्रॅमचे दप्तर हलक्या स्वाराला त्याच्या वजनाच्या मानाने अधिक जड पडतात. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण सायकल मिळाली की रस्ता सुटला असे नसते. त्या सायकलीचे दाते त्या मुलीच्या वजनाला आणि तिच्या वाटेवरच्या चढाला जुळतात का, हेही कोणीतरी पाहिले पाहिजे. शाळेतल्या विज्ञान शिक्षकांपेक्षा हे काम अधिक चांगले कोण करील?

उपाय काय? पुढचे दाते कमी करा किंवा मागचे वाढवा. काळ्या सायकलीत चेनव्हील उजव्या क्रँकशी पक्के जोडलेले असते; ते बदलायचे तर कॉटर पिन ठोकून क्रँकच बदलावा लागतो. त्यापेक्षा फ्रीव्हील बदलणे सोपे. बाजारात १६, १८, २०, २२ अशा दात्यांची फ्रीव्हीले मिळतात आणि जुनी साखळी त्यांवर चालते, कारण दोन दात्यांमधले अंतर सगळीकडे तेच, अर्धा इंच, असते.

१८ ऐवजी २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले की गुणोत्तर ४४ ÷ २२ = २ होते. आता आडव्या क्रँकवर लागणारा जोर ५० वरून सुमारे ४१ किलोग्रॅम-भारावर येतो. ४१ हे ४५ पेक्षा कमी आहे. ज्या चढावर मुलगी उतरत होती तोच चढ तिला आता बसून नव्हे, पण पायडलवर उभे राहून पार करता येतो. फरक चार दात्यांचा!

जोर वाचला म्हणजे श्रम वाचले का? नाही. एक किलोमीटर जायला पूर्वी पायडलच्या १८३ फेऱ्या लागत, आता २२४ लागतील. फेऱ्या आणि सरासरी जोर यांचा गुणाकार दोन्ही वेळा तोच येतो. कार्य तितकेच राहते; ते पायाला झेपेल अशा लहान घासांत वाटले जाते, इतकेच. सपाट रस्त्यावर त्याची किंमत मोजावी लागते. मिनिटाला ६० फेऱ्यांना आता ताशी १६ किलोमीटरच मिळतील. ज्याची वाट सगळी सपाट आहे त्याने या भानगडीत पडू नये.

फ्रीव्हील बदलायचे काम मात्र दुकानातच करून घ्यावे. पायडल मारताना ते आट्यांवर सतत आवळले जात असते, त्यामुळे त्याच्या खाचांत बसणाऱ्या खास पान्याशिवाय निघत नाही. पण कारागिराला दोन गोष्टी सांगा. पहिली गोष्ट साखळीची. चार दाते वाढले, तरी साखळी फ्रीव्हीलच्या साधारण निम्म्या घेरालाच कवटाळते; म्हणून दोनच दात्यांची, म्हणजे एक इंच साखळी जास्त लागते. मागचे चाक अर्धा इंच पुढे सरकत असेल तर तीही लागत नाही. दुसरी गोष्ट ब्रेकची. चाक पुढे सरकले की ब्रेकचे रबर आणि रिम यांतले अंतर बदलते. ते नीट जुळवल्याशिवाय उतारावर जाऊ नये. चढ सोपा करताना उतार धोक्याचा करून ठेवणे हा व्यवहार परवडणारा नाही.

उतारासाठी बनलेली सायकल चढासाठी बदलायची, ही कल्पना एकदा फार दूरवर जाऊन पोहोचली होती. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या, सुमारे २० किलोग्रॅमच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावत. पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. सुमारे ३.४ किलोमीटरमध्ये ४०० मीटर खाली! मागच्या तुंब्यातला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रीपॅक' पडले. पण या सायकलींना एकच गिअर. डोंगरावर नेण्यासाठी त्या मालमोटारीत घालाव्या लागत, नाही तर ढकलाव्या लागत. गॅरी फिशर या तरुणाने अशा एका सायकलीला प्रवासी सायकलींचे गिअर लावले आणि तिच्यावर बसूनच डोंगर चढण्याची सोय केली. १९७७ साली जो ब्रीझने अशा वापरासाठी मुद्दाम सांगाडा बनवला. आजच्या 'माउंटन बाइक'चा जन्म तो हाच.

उतारावरच्या शर्यतीची सायकल आजही वेगळीच असते. तिला पुढे साधारण ३६ आणि मागे ११ ते २५ दाते असतात. तिचा सर्वांत हलका गिअर ३६ ÷ २५, म्हणजे १.४४. ती चढावर न्यायची तर पुढे ३० आणि मागे ११ ते ४२ दात्यांचा संच बसवतात. मग ३० ÷ ४२ म्हणजे ०.७१, जोर निम्म्यावर येतो. अर्थात त्यासाठी साखळी लांब लागते आणि तिची ढिलाई सामावून घेणारा गिअर बदलण्याचा लांब पायाचा सांधाही. आपल्या फ्रीव्हीलचीच ही मोठी आवृत्ती.

गिअरला सुरुवातीला विरोधही पुष्कळ झाला. 'टूर द फ्रान्स' या शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांच्या मते गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय होती! साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर त्या शर्यतीत सर्वांना १९३७ साली वापरता आले.

याच्या उलट हल्ली दुकानात '२१ गिअरची सायकल' म्हणून मोठा बोलबाला असतो. पुढे २८, ३८, ४८ आणि मागे १४ ते २८ दाते असतील, तर २८ ÷ १४ आणि ४८ ÷ २४ हे दोन 'वेगळे' गिअर एकच आहेत, हे तुम्ही आता ओळखाल. गिअर किती हे विचारू नका. सर्वांत हलका कोणता ते विचारा.

तुमच्या वाटेवरचा चढ मोजायलाही महाग उपकरण लागत नाही. एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि गवंड्याकडची पाणसळ घ्या. पट्टीचे एक टोक चढाच्या बाजूला रस्त्यावर टेकवा, दुसरे पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला आणि खालची फट मोजा. ५ सेंटिमीटर आली तर चढ २० ला १, सव्वाआठ आली तर १२ ला १. अशी पाच-सहा ठिकाणी मोजणी करून सरासरी काढा आणि आपले वजन, आपले दाते घालून वरचा गुणाकार करा. गाड्यांची वर्दळ असेल तेथे एकाने रस्त्याकडे लक्ष ठेवावे.